मालक दाखवा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात एक मेसेज पडला. तिसऱ्या मजल्यावर धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी पगारात तीनशे रुपये वाढवून मागितले होते. मेसेज असा: कुणीही परस्पर वाढवून देऊ नका, एकाने दिले की सगळ्यांचे रेट बिघडतात. पंधरा मिनिटांत वीस-एकवीस अंगठे वर झाले. दुसऱ्या दिवशी मावशी पाच घरी बोलल्या. पाचही घरी एकच उत्तर मिळालं, जवळपास त्याच शब्दांत.

याला संघटना म्हणतात. नोंदणी नाही, वर्गणी नाही, झेंडा नाही. पण एक दर आहे, एकी आहे आणि दर मोडणाऱ्यावर दबाव आहे. मावशींनी हेच चौघींना घेऊन जिन्यात उभं राहून केलं असतं, तर वॉचमनला फोन गेला असता. मी ग्रुपवर लिहिलं की मी वाढवून देणार आहे. त्यावर एकही अंगठा आला नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये एका शेजाऱ्यांनी मला बाजूला घेतलं आणि ‘यांना सवय लागते’ असं समजावून सांगितलं. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हा आठवडा या विषयाला.

आपण अशा लोकांना ‘असंघटित कामगार’ म्हणतो. वर्षानुवर्षं तो शब्द वापरून असं वाटायला लागतं की असंघटित असणं हा त्यांचा स्वभावच आहे, जसा कुणी उंच असतो, कुणी सावळा. असंघटित ही अवस्था आहे आणि ती कुणाच्या तरी सोयीची आहे. अर्जुन सेनगुप्तांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००७ साली सांगितलं होतं की देशातले शंभरातले नव्वदहून अधिक कामगार असेच आहेत: ना नेमणूकपत्र, ना भविष्यनिर्वाह निधी, ना आजारपणाची रजा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर तीस कोटींहून जास्त नावं नोंदली गेली आहेत. तीस कोटी माणसं नोंदवता येतात. मग त्यांना संघटित करता येत नाही, असं कामगार चळवळीतलेच जुने लोक हात झटकून म्हणतात, ते कशाच्या आधारावर?

ते म्हणतात, मालक नाही ना. भांडायचं कुणाशी?

हा प्रश्न जुना आहे. १९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट ‘सेवा’ संघटनेची नोंदणी करायला गेल्या. सभासद कोण, तर कापडाचे गठ्ठे डोक्यावरून वाहणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बाया. कामगार खात्याने विचारलं, यांचा मालक कोण? मालक नसेल तर युनियन कशासाठी? इलाबेन अडून बसल्या. युनियन कुणाच्या तरी विरोधातच असली पाहिजे असं कुठे आहे, ती कामगारांच्या एकीसाठी असते, हा त्यांचा मुद्दा. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये नोंदणी झाली. ट्रेड युनियन कायदा १९२६ चा. तेव्हा त्यात नोंदणीसाठी सात माणसांची अट होती, मालकाची नव्हती. मालकाची अट कायद्यात नव्हती, ती बघणाऱ्यांच्या डोक्यात होती.

आणि ती फक्त सरकारी बाबूंच्या डोक्यात नव्हती. सेवा जन्मली ती मजूर महाजनाच्या महिला विभागातून. मजूर महाजन म्हणजे गांधीजींच्या प्रेरणेने उभी राहिलेली गिरणी कामगारांची मातब्बर संघटना. १९८१ मध्ये गुजरातेत राखीव जागांवरून दंगली पेटल्या, इलाबेन दलितांच्या बाजूने बोलल्या आणि मजूर महाजनाने सेवेला घराबाहेर काढलं. पक्क्या नोकरीतल्या पुरुषांच्या युनियनला डोक्यावर गठ्ठा घेणारी बाई आपली वाटत होती ती तिने मान खाली घातलेली असेपर्यंत. हे मी रागाने लिहितो आहे, कारण ते गुजरातपुरतं नाही.

आपल्या गिरणगावातही हेच होतं. सत्तरच्या दशकातले गिरण्यांचे संप आपण लाल झेंड्याच्या गोष्टी म्हणून सांगतो. त्या संपात कामगार जेवत कुठे होता? खानावळीत. पगार बंद, तरी खानावळवाली ताट वाढत होती, उधारीवर. वाण्याचे पैसे भागवायला स्वतःच्या अंगावरचा डाग मोडत होती. संप जितके दिवस टिकला तितके दिवस त्या बाईच्या चुलीवर टिकला. आणि तिचं नाव एकाही युनियनच्या सभासदवहीत नव्हतं, कारण तिला मालक नव्हता! गिरणी कामगारांच्या चळवळीत वाढलेल्या प्रेमाताई पुरव यांना ते दिसलं. त्यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सावकाराच्या व्याजात पिचलेल्या या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेऊन उभं केलं. चळवळीत राहून जे शिकता येतं ते सगळं प्रेमाताईंनी वापरलं. फरक एवढाच की त्यांनी गेटच्या बाहेर बघितलं.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यातले हजारो पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. कुणी वॉचमन झाला, कुणी भाजीची पाटी घेतली, कुणी गावी जाऊन शेतमजूर झाला. ज्या दिवशी गिरणीचा पास गेला त्या दिवशी युनियनचं कार्डही निरुपयोगी झालं. वॉचमन झालेल्या त्याच माणसाला, त्याच चाळीत, त्याच कार्डावर सभासद ठेवता आलं असतं की. ती कल्पनाच नव्हती.

आता ज्याने ही कल्पना प्रत्यक्षात आणली त्या माणसाकडे वळतो, म्हणजे हमालाकडे.

पहाटे मार्केट यार्डात जाऊन उभं राहा. ट्रकची फळी खाली पडते. वर दोघं पोतं उभं करतात, खाली एक जण पाठ करून वाकतो, मान पुढे काढतो, आणि पोतं मानेच्या मुळाशी, खांद्यावर येऊन बसतं. तिथे घट्टा पडलेला असतो. हात लावला तर चामडं लागतं. पोतं आता पन्नास किलोचं दिसतं. पूर्वी शंभराचं असायचं आणि ते पन्नासावर आणण्यासाठी हमालांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. पोत्याचं वजन हाही युनियनचा प्रश्न असतो हे आपल्याला पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने शिकवलं.

या हमालाचा मालक कोण? माल पाठवणारा शेतकरी? आडत्या? माल घेणारा व्यापारी? ट्रकवाला? दिवसात दहा जणांचं ओझं उचलणाऱ्याला दहा मालक, आणि दुखापत झाली की एकही नाही. पन्नास-साठच्या दशकांत हमाल पंचायतीने पुण्यात आणि अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत हा प्रश्न उलटा करून विचारला. माल ज्याचा, हमाली त्याची. तो एक असो की दहा. मग त्या दहांनी मिळून एका ठिकाणी पैसे भरावेत. त्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला.

तो कायदा कसा चालतो हे सुशिक्षित माणसांनाही ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. एक मंडळ. त्यात कामगार, मालक आणि सरकार, तिघांचे प्रतिनिधी. हमालाने मंडळात नाव नोंदवायचं, व्यापाऱ्यानेही नोंदवायचं. टोळीने माल उतरवला की व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही. मजुरी कामगाराच्या खात्यात जाते. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचा पगार, दवापाणी. आज या व्यापाऱ्याकडे काम केलं, उद्या त्या व्यापाऱ्याकडे, तरी हमालाचा हिशोब एकाच ठिकाणी साचत जातो. मालक सापडत नव्हता, तर कायद्याने दहा तुकडे जोडून मालक उभा केला. माझ्या मते महाराष्ट्राने देशाला दिलेल्या मोठ्या गोष्टींत ही एक आहे. रोजगार हमीचं नाव निघतं तेव्हा त्याच श्वासात माथाडी कायद्याचंही नाव निघायला हवं.

त्या कायद्याच्या नावाखाली खोट्या टोळ्या उभ्या करून खंडणी उकळणारे आहेत, हे खरं आहे आणि त्यांना तुरुंगात घालायलाच हवं. पण खंडणीखोराकडे बोट दाखवून कायदाच पातळ करायचा, हे चालू देता कामा नये. खिसेकापू सापडला म्हणून बाजार बंद करत नाहीत.

हमाल पंचायत पोत्यापाशी थांबली नाही. तिने पतसंस्था काढली, ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, जिथे राबणाऱ्या माणसाला परवडणाऱ्या दरात झुणका-भाकर मिळते. रिक्षावाल्यांची पंचायत झाली, पथारीवाल्यांची झाली. आणि मग कचरा वेचणाऱ्या बायांची. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठात काम करणाऱ्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण वस्त्यांमध्ये साक्षरतेच्या कामासाठी गेल्या होत्या. बायांच्या मागेमागे कचराकुंडीपर्यंत गेल्यावर त्यांना कळलं की खरा प्रश्न पाटी-पेन्सिलचा नव्हता. कुंडीतला माल दुसरा कुणीतरी गाडी घेऊन येऊन नेणार होता. पोट जाणार होतं.

इथेही प्रश्न तोच. यांचा मालक कोण? भंगारवाला मालक नाही, तो गिऱ्हाईक. महापालिका म्हणे, आम्ही यांना कामावर ठेवलेलंच नाही. पंचायतीने हिशोब मांडला. ही बाई रोज इतके किलो कागद, काच, पत्रा, प्लास्टिक उचलते. तेवढा कचरा पालिकेला उचलावा लागत नाही, वाहून न्यावा लागत नाही, डेपोत टाकावा लागत नाही. म्हणजे ती पालिकेचं काम फुकट करते. ज्याचं काम होतं, तो मालक. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुणे महापालिकेने कचरावेचकांच्या ओळखपत्रांवर आपली मोहर उठवली. पुढे त्यांच्या विम्याचा हप्ता भरला. नंतर ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि कुंडीत हात घालणारी बाई दारावर येऊन ‘ताई, ओला वेगळा द्या’ म्हणू लागली.

ओळखपत्राची किंमत आपल्याला कळत नाही, कारण आपल्याला पोलीस गोणी उघडून दाखवायला सांगत नाहीत. पहाटे पाचला गोणी घेऊन रस्त्याने जाणाऱ्या बाईला चोर समजलं जायचं. कार्ड आल्यावर ती म्हणू शकली, मी कामावर चालले आहे. त्या एका वाक्यासाठी युनियन लागली. आणि आजही पालिकेचा करार संपत आला की त्या बायांना पुन्हा रस्त्यावर बसावं लागतं, कारण मोठ्या गाड्यांच्या मोठ्या ठेक्याचा मोह प्रत्येक वेळी कुणाला तरी होतोच.

आता मोठ्या युनियनना दोन शब्द सुनवायचे आहेत.

तुमच्या बँकेत, तुमच्या विमा कंपनीत, तुमच्या महापालिकेत, तुमच्या कारखान्यात दार उघडणारा, चहा देणारा, संडास धुणारी, एटीएमबाहेर रात्रभर खुर्चीवर बसणारा कोण आहे? तुमच्याच इमारतीत, तुमच्याच छपराखाली ठेकेदाराचा माणूस. तुम्ही वेतनकरारावर सह्या करता तेव्हा तो बाहेर उभा असतो. मागण्यांच्या यादीत त्याचं कलम असतं, मी अशा याद्या पाहिल्या आहेत. ते शेवटून दुसरं किंवा तिसरं असतं, आणि वाटाघाटीत सगळ्यात आधी सोडलं जातं. ते पहिलं का नसतं? तुमच्याकडे ऑफिस आहे, वकील आहे, पूर्णवेळ माणूस आहे, साहेबाच्या केबिनमध्ये शिरण्याचा हक्क आहे. त्याच्याकडे यातलं काही नाही. ही चार साधनं त्याला वापरू द्या. आठवड्यातून एक संध्याकाळ तुमच्या युनियन ऑफिसचं दार त्याच्यासाठी उघडं ठेवा. तुमच्या वर्गणीतला थोडा भाग त्याच्या केससाठी बाजूला काढा.

मुंबईत कचऱ्याच्या गाडीवर एकाच फळीवर दोन माणसं उभी असायची: एक कायम, एक कंत्राटी. कचरा तोच, वास तोच, पगारात जमीन-अस्मानाचा फरक. कंत्राटी कामगार कायदा वीस आणि त्याहून जास्त माणसांना लागू होता, म्हणून ठेक्यांचे वीसपेक्षा कमी माणसांचे तुकडे पाडले गेले. कचरा वाहतूक श्रमिक संघ १९९७ पासून या लोकांना जमवत होता. मोर्चे झाले, औद्योगिक न्यायालय झालं, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना महापालिकेचे कायम कामगार मानलं. वीस वर्षं लागली. ज्यांनी ती वीस वर्षं काढली त्यांच्यातल्या कित्येकांच्या फुप्फुसांनी निकालाची वाट पाहिली नाही. निकालात जिंकलेली गोष्ट एकच: ठेकेदार हा पडदा आहे, मालक महापालिका आहे. मालक दाखवला गेला. पण बरोबर उभ्या असलेल्या कायम कामगारांनी पहिल्या वर्षीच खांदा दिला असता तर वीसची सात वर्षं झाली असती, असं मला मनापासून वाटतं.

सोलापूरचं उदाहरण वेगळं आहे आणि मला ते फार आवडतं. विडी कामगार बाई घरात बसून काम करते. कारखान्यातून पानं-तंबाखू आणायची, पान कातरायचं, भरायचं, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. तपासणारा त्यातल्या काही बाद करतो आणि त्या बाद विड्यांवर वाद घालायला ती एकटी असते. आडम मास्तरांच्या लाल बावटा युनियनने या बायांचे मजुरीचे लढे तर लढलेच, शिवाय विचारलं, ही बाई जिथे विडी वळते ती जागा कशी आहे? झोपडपट्टीतली आठ बाय दहाची खोली, तिथेच चूल, तिथेच तंबाखू, तिथेच पाळणा. घर हाच जर कारखाना, तर घराची मागणी ही कारखान्याच्या सोयीची मागणी झाली. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायांची दहा हजार घरं उभी राहिली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर, ज्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. युनियनने घरं बांधायची का, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी एकदा कुंभारीला जाऊन त्या बाईच्या ओसरीवर बसावं.

मोटरसायकलवर जेवणाचे डबे पोचवणारी पोरं हा या प्रश्नाचा ताजा अवतार. कंपनी म्हणते, तुम्ही कामगार नाहीच, तुम्ही पार्टनर. पार्टनरला नफ्यात वाटा असतो. या पोरांना पावसात घसरून पडल्यावर पेट्रोलचाही वाटा मिळत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत भरावेत असं म्हटलं. ठीक आहे. पण सकाळी ॲपमधला आयडी बंद दिसला तर दाद कुणाकडे मागायची? राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांचा कायदा केला, देशातला पहिला. प्रत्येक व्यवहारावर शुल्क, ते जमा करणारं मंडळ, मंडळात कामगारांचे प्रतिनिधी. कुठे पाहिलंय असं वाटलं? आपल्या हमालांनी केलेली ती गोष्ट. ती जयपूरला पोचली. तिथल्या लोकांनी आपला कायदा उघडून वाचला. आपल्या मंत्रालयात तो वाचायला काय अडचण आहे?

हे सगळे मोठे लढे. पण युनियन खरं तर कुठे तयार होते ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, आणि ते मी दोन आठवड्यांपूर्वी डोळ्यांनी पाहिलं.

घरकाम करणाऱ्या बायांची एक बैठक होती. वेळ दुपारी तीनची. तीनच का? सकाळची कामं एक-दीडला संपतात, घरी जाऊन दोन घास खायचे, पाचला पुन्हा संध्याकाळची भांडी. मधले दीड-दोन तास त्यांचे. मोठ्या युनियनच्या बैठका संध्याकाळी सातला असतात आणि मग पुढारी म्हणतात, बायका येत नाहीत. सातला त्या दुसऱ्याच्या ओट्याशी उभ्या असतात, येतील कशा?

जागा म्हणजे वस्तीतली बालवाडीची खोली. भिंतीवर बाराखडी, खाली सतरंजी. वीस-बावीस जणी. साडीचे काठ अजून ओले. कार्यकर्त्या ताई साठीच्या, खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक आणि कार्बन पेपर. वर्गणी वर्षाची शंभर रुपये, दोन हप्त्यांत दिली तरी चालते. पन्नासाची नोट ब्लाउजमधून निघत होती, पावती घडी करून तिथेच जात होती. ताई प्रत्येकीला नाव मोठ्याने विचारत होत्या, माहीत असूनही. मी नंतर कारण विचारलं. म्हणाल्या, ‘दिवसभर हिला कुणी नावाने हाक मारत नाही हो.’

विषय खाड्यांचा होता. एका बाईंनी पिशवीतून कालनिर्णय काढलं, घडीवर घडी पडलेलं. लिहिता येत नाही म्हणून ठिपके. लाल ठिपका म्हणजे मी गेले नाही. निळा ठिपका म्हणजे घरची माणसं गावाला गेली, ‘येऊ नका’ म्हणाली. त्या महिन्यात लाल ठिपके दोन होते, निळे सहा, आणि पगार आठ दिवसांचा कापला गेला होता.

‘खाडा त्यांचा, आणि पैसे माझे?’ त्या बाई म्हणाल्या.

खोलीत एकदम गलका झाला. प्रत्येकीकडे निळे ठिपके होते, फक्त कॅलेंडर नव्हतं. अर्ध्या तासात ठराव झाला: घर बंद असेल तर पगार कापायचा नाही, आणि हे बोलायला एकटीने जायचं नाही, दोघींनी जायचं. तिथल्या तिथे जोड्या लावल्या. एक तरुण मुलगी म्हणाली, माझी मालकीण चांगली आहे, तिला असं जोडीने जाऊन सांगणं बरं दिसत नाही. ताई म्हणाल्या, ‘चांगली असेल तर ऐकेल. मग जायला काय हरकत आहे?’ सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा मिनिटांत जे झालं त्याला हे उत्तर होतं. हळू, पण समोरासमोर.

पुण्यात १९८० साली घरकाम करणाऱ्या बायांनी संप केला होता. आपोआप पेटलेला संप, त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली, सुट्टी आणि दिवाळीचा बोनस या गोष्टी शहराला ऐकाव्या लागल्या. आज आपण ‘दिवाळीला एक पगार द्यायची पद्धत आहे’ म्हणतो. ती पद्धत आकाशातून पडली नाही. त्या बायांनी भांडी घासायचं थांबवलं तेव्हा ती पडली. बैठकीत एका म्हाताऱ्या बाईंना तो संप आठवत होता. ‘आम्ही घोषणा देत गेलो तर गॅलरीतून लोक बघत होते,’ म्हणाल्या, ‘पहिल्यांदा वर मान करून बघितलं मी त्या गॅलरीकडे. एरवी मागच्या जिन्यानेच.’

पुढे घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आला. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत सरकारने नोंदीत घरेलू कामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले, तेव्हा कळलं की ‘नोंदीत’ या शब्दात किती बाया बसतात आणि किती बाहेर राहतात. त्यामुळे बैठकीचा शेवटचा तास फॉर्म भरण्यात गेला. फोटो, आधार, बँकेचं पासबुक. ताई एकीला दुसरीचा फॉर्म भरायला लावत होत्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या मुली आलेल्या होत्या.

माझ्या शेजारी सातवी-आठवीतली एक मुलगी आईचा फॉर्म भरत होती. ‘मालकाचं नाव व पत्ता’ असा रकाना होता, एका ओळीचा. ती थांबली आणि आईकडे बघितलं. आई सहा घरी काम करते.

‘एकच लिहायचं?’ आईने ताईंना विचारलं.

‘सहाही लिहा,’ ताई म्हणाल्या. ‘जागा पुरली नाही तर मागच्या पानावर. पण सहाही.’

मुलगी बारीक अक्षरात लिहायला लागली. पहिली तीन नावं आईला पूर्ण माहीत होती. चौथ्या घरापाशी आई अडली. नऊ वर्षं तिथे काम करते, आडनाव माहीत नाही. दारावर पाटी इंग्रजीत आहे. ‘तिथं सगळे मॅडमच म्हणतात,’ ती म्हणाली. मुलीने थोडा विचार केला आणि लिहिलं: मॅडम, बी विंग, फ्लॅट ४०३. मग पान उलटलं आणि पाचवं घर विचारलं.